बदक क्रमांक चार: फक्त मान दिसते

डॉक्टर लेकीच्या, पण औषध मिळालं मला.

लेकीचा खोकला महिनाभर हटत नव्हता म्हणून तिला घेऊन गेले होते. डॉक्टरबाईंनी तिची छाती तपासली, घसा पाहिला, दोन्ही कान पाहिले, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लेक झाल्यापासूनच्या वीस महिन्यांत कुणी माझ्याकडे पाहतं ते माझ्या कडेवर काय आहे ते बघायला. असं थेट पाहिल्यावर मी गडबडले आणि उगाचच केस सारखे केले.

"तुम्ही स्वतःसाठी काय करता?" त्यांनी विचारलं.

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "आंघोळ."

"रोज?"

"म्हणजे… तसा प्रयत्न असतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं की ओळखावं, दुखणं बाटलीत मावणारं नाही. "हे बघा," त्या म्हणाल्या, "दोन गोष्टी करा. घरात कुठे ओल आहे का? आहे ना? ती आधी घालवा, त्याशिवाय हिचा खोकला जायचा नाही. आणि तुम्ही घरीच असता, तर ही झोपली की रोज अर्धा तास चित्रं काढत बसा. चांगली आलीच पाहिजेत असं नाही. हात रंगात असला की डोकं गप्प बसतं."

एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी जिन्यात थोडी रडले. लेकीने कडेवरूनच माझे डोळे पुसायचा प्रयत्न केला. हातात अर्धं चोखलेलं बिस्किट आहे, हे तिच्या लक्षात राहिलं नसावं.

दोन्ही सल्ले सोन्यासारखे होते. ते दोन्ही मी एकाच भिंतीवर पाळले, एवढंच माझं चुकलं.

आधी ओलीबद्दल सांगते. आमच्या झोपायच्या खोलीत छताच्या कोपऱ्यातून एक ओल खाली उतरलेली आहे. ती वरच्या मजल्यावरच्या काकांच्या न्हाणीघरातून येते, असं आमचं म्हणणं. ती हवेतून येते, असं काकांचं म्हणणं. काका वजनमापं तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळा जन्म दुकानदारांचे तराजू खोटे पाडण्यात गेल्यामुळे समोरचा काहीही बोलला तरी त्यांच्या तोंडून पहिला शब्द येतो, "सिद्ध करा." एकदा जिन्यात मी "आज उकडतंय नाही?" एवढंच म्हटलं होतं. तेव्हाही.

इमारतीच्या सेक्रेटरींकडे आम्ही रीतसर अर्ज केला. पहिला अर्ज हरवला. दुसरा हरवला नाही, पण त्यात 'ओल येते' असं मोघम लिहिलेलं असल्यामुळे परत आला. ती आतून येते, बाहेरून येते की वरून, ते स्पष्ट करायचं होतं. ते आम्हाला स्पष्ट झालं असतं तर अर्ज कशाला केला असता? तिसऱ्या अर्जावर प्लंबर आला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, डोळे मिटून ऐकलं, आणि निदान सांगितलं.

"वाढतेय का जुनीच आहे, ते बघावं लागेल. दर रविवारी ओलीच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची, तारीख टाकायची. दहा रविवार. रेघ पुढे सरकत गेली तर वरचं फोडायचं. नाही सरकली तर जुनी ओल, वरून रंग मारून मोकळे व्हा."

फोटो चालणार नाहीत, असं सेक्रेटरींनी वेगळ्या पत्राने कळवलं. मागे कुणीतरी भलत्याच इमारतीतल्या भिंतीचा फोटो अर्जाला जोडला होता म्हणे.

हे काम नवऱ्याने अंगावर घेतलं. माझा नवरा काम अंगावर घेतो ते गणवेशासारखं, बटणं लावून. दर रविवारी बरोबर नऊ वाजता तो स्टुलावर चढायचा, टोक काढलेली पेन्सिल हातात, जिभेचं टोक बाहेर. कडेने एक रेघ, रेघेच्या पोटात मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख. मी त्या वेळी बाहेर लेकीला भरवत असायचे. "पाऊण इंच!" असं तो आतून ओरडायचा, आणि मी "बरं!" म्हणायचे. असे नऊ रविवार झाले.

चित्रकलेची सुरुवात मात्र कागदावरच झाली, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवावं.

रंगांच्या बारा बाटल्या आणल्या, तीन ब्रश आणले, जाड कागदांची वही आणली. बाटल्यांवर 'बिनविषारी' असं छापलेलं होतं. लेकीने पहिल्याच दिवशी त्याची खात्री करून घेतली. हिरव्या रंगाची. त्याचे परिणाम दोन दिवस आमच्या घरात दिसत राहिले. फार खोलात शिरत नाही.

मग समोरच्या दारातल्या काकू आल्या. काकू एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही आमच्या घरात शिरताना वर्गात शिरल्यासारख्या शिरतात; मी नकळत उभी राहते. "अगं, मन शांत करायचं तर असं वाटेल ते काढून चालत नाही," त्या म्हणाल्या. "वर्तुळं काढ. वर्तुळात पाकळ्या. अठ्ठेचाळीस. मोजत मोजत काढायच्या, एकही चुकता कामा नये." त्यांनी मला स्वतःचा कंपासही दिला. तो परत करण्याची तारीखही दिली.

लेक दुपारी झोपते ती कशीबशी पस्तीस मिनिटं. त्यातली दहा मिनिटं ती खरंच झोपली आहे का हे पाहण्यात जातात, पाच मिनिटं मी श्वास रोखून खोलीबाहेर सरकण्यात. उरलेल्या वेळात मी वर्तुळ आखायचे आणि सातव्या पाकळीला आतून "आई!" अशी हाक यायची. एका आठवड्यात माझ्याकडे सात-सात पाकळ्यांची सात फुलं जमली. प्रत्येकाला अकाली टक्कल पडल्यासारखं दिसत होतं. आठव्या दिवशी काकूंनी ती तपासली आणि "प्रयत्न करत राहा," असा शेरा दिला.

मोबाइलवर एक बाई चित्रकलेतून शांती शिकवायच्या, त्याही बघितल्या. फार हळू बोलायच्या. "आता दीर्घ श्वास घ्या… आणि ब्रशलाच ठरवू द्या." त्यांच्या मागे पांढरा सोफा होता. पांढराशुभ्र! त्या घरात मूल नाही हे सिद्ध करायला काकांनासुद्धा तेवढा सोफा पुरला असता.

त्यातच नवरा कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेला. जाताना म्हणाला, "रविवारी सकाळी नऊच्या आत येतो, दहावी रेघ आहे." चित्रं सुरू झाल्यापासून तो रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, "आज शांत वाटलं का गं?" तो बिचारा प्रेमाने विचारायचा. पण दिवसभरात ज्या गोष्टीने मी सगळ्यात जास्त अशांत व्हायचे, ती म्हणजे संध्याकाळच्या त्या फोनची वाट पाहणं. नापास झालेल्या मुलीने निकालाची वाट पाहावी तशी.

सोमवारी लेकीने कागदांची वही संपवली. म्हणजे फाडून. मग दमून झोपली, माझं एक बोट मुठीत घट्ट धरून. ते बोट सोडवायची माझी छाती होईना. दुसऱ्या हातात कोरडा ब्रश होता, कागद नव्हता, उठता येत नव्हतं. मी तिच्याशेजारी पाठीवर पडून राहिले आणि वर पाहिलं.

कोपऱ्यात तळं होतं.

मी अतिशयोक्ती करत नाही. मध्ये गडद, कडेला फिकट होत गेलेलं, आणि भोवती एकीबाहेर एक अशा नाजूक रेघा; स्थिर पाण्यात कुणी खडा टाकून नुकतंच निघून गेल्यासारख्या. इतकी सुंदर गोष्ट इतके महिने माझ्या डोक्यावर होती आणि मी तिच्याकडे फक्त कपाळाला आठ्या घालून पाहत होते.

या रेघा कशाच्या ते मला माहीत नव्हतं, असं नाही. माहीत होतं; त्या क्षणी आठवलं नाही. हे दोन वेगळे गुन्हे आहेत आणि त्यांना वेगवेगळी शिक्षा असावी, असं माझं मत आहे. जिने मूल झाल्यापासून एकदाही सलग चार तास झोप घेतलेली नाही, तिच्याकडून ज्या गोष्टी आठवण्याची अपेक्षा करता येते, त्यांची यादी फार लहान असते. त्या यादीत माझ्या बाबतीत मूल आणि गॅस, एवढंच होतं.

बोट हळूच सोडवलं. स्टूल आणलं. तळ्यावर तारखा नसतात, म्हणून आधी त्या खोडल्या. नवऱ्याच्याच खोडरबराने, फार स्वच्छ. मग निळ्यात थोडा हिरवा मिसळला आणि पहिल्या रेघेवरून ब्रश फिरवला.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. काहीच झालं नाही, हेच झालं. दुधाचं भांडं, वाळत घातलेले कपडे, ऑफिसातल्या माझ्या खुर्चीवर आता कोण बसतं, खोकला, लेकीचा दात, माझा दात, सगळं एकेक करून खोलीबाहेर गेलं आणि जाताना दार हळू लावून गेलं. लेक जागी झाली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं. ती रडली नाही. पाठीवर पडून वर बघत राहिली, मग बोट वर करून म्हणाली, "पाणी."

संध्याकाळी फोन आला. "आज शांत वाटलं," मी म्हणाले. पलीकडे नवऱ्याला इतका आनंद झाला की कसं, कुठे, कशावर, हे त्याने विचारलंच नाही. इथे त्याचीही थोडी चूक आहे.

मंगळवारी खालच्या काठावर गवत काढलं आणि एक बदक. बुधवारी आणखी तीन. काकू येऊन चार पावलं मागे सरकल्या आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "जोडीजोडीने नको काढूस. विषम आकडा नजरेला बरा. सात कर." मग सात केली. सातवं अगदी छोटं, बाकीच्यांच्या मागे पळत येणारं. लेक सकाळी उठली की प्रत्येकाकडे बोट दाखवून "बदक" म्हणायची. सात वेळा. त्या सहा दिवसांत मी एकदाही जिन्यात रडले नाही.

रविवारी नऊला दहा कमी असताना नवरा आला. बूटही न काढता, पेन्सिल कानाला लावून, तडक स्टुलावर चढला.

मी लेकीला भरवत होते. 'पाऊण इंच' ऐकायला आलं नाही, म्हणून आत डोकावले.

"अगं, इथे नऊ रेघा होत्या," तो म्हणाला.

"लाटा?" मी म्हणाले. आणि तेव्हा मला आठवलं.

तो हळूहळू खाली उतरला आणि स्टुलावर बसला. पेन्सिल कानावरून काढली, तिच्या टोकाकडे पाहिलं. "सुंदर आहे," तो म्हणाला. मी त्या माणसाला चांगली ओळखते. त्याने भांडी आपटली असती, माझ्या माहेरचा उद्धार केला असता, तर मी उलट चार शब्द बोलून मोकळी झाले असते. 'सुंदर आहे' याला काय उत्तर देणार? लेक मध्ये उभी राहून त्याला एकेक बदक दाखवत होती आणि तो प्रत्येकाला "हो, बदक" म्हणत होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. इथे तर मी हात रंगवून दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी पाहणी आधीच ठरलेली होती. सेक्रेटरी फाइल घेऊन आले, प्लंबर आला, आणि संबंधित पक्ष म्हणून वरचे काका आले, खिशात पोलादी टेप आणि हातात ओल मोजायचं स्वतःचं यंत्र घेऊन. न बोलावता काकूही आल्या.

सेक्रेटरींनी भिंतीकडे पाहिलं, मग फाइलमध्ये, मग परत भिंतीकडे. "ओल कुठे आहे?"

"तळ्याखाली," नवरा म्हणाला.

"आणि नऊ आठवड्यांच्या नोंदी?"

"त्याही तळ्याखाली."

प्लंबर जवळ जाऊन बघत होता. "बदकं झकास आलीत," तो म्हणाला. एवढ्या सगळ्यात मला तेवढाच आधार वाटला. काकांनी यंत्र भिंतीला टेकवलं. ते कर्कश ओरडलं.

"बघा, ओल आहे!" नवरा म्हणाला.

"आहेच," काका शांतपणे म्हणाले. "पण कुणाची? माझ्या न्हाणीघराची की तुमच्या रंगाची? रंगात पाणी असतं. एवढं मोठं तळं काढलंय, पाणी किती वापरलं असेल? सिद्ध करा."

"काका," प्लंबर म्हणाला, "चित्रात तळं काढलं म्हणून भिंत ओली होत नाही."

"तू पाइप बघ. आणि माझी फरशी फोडायचं नाव काढू नकोस. तसली फरशी आता मिळत नाही."

"मुळात तळं काठाशी हिरवं हवं होतं," काकू म्हणाल्या. "मी सांगणार होते."

सेक्रेटरींनी उभ्याउभ्या निर्णय लिहिला. चित्र पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे चार आठवडे, भिंतीला कुणीही हात लावू नये. सदर भिंतीवर नवीन कोणताही निसर्ग काढू नये. त्यानंतर फेरपाहणी. मला त्यावर सही करावी लागली. आयुष्यात मी पुष्कळ कागदांवर सह्या केल्या, पण 'मी यापुढे बदक काढणार नाही' अशा अर्थाच्या कागदावर सही करताना हात जड झाला.

ते चार आठवडे मला आठवायचेसुद्धा नाहीत. दुपारी लेक झोपायची आणि मी ब्रश धुऊन ठेवलेल्या पेल्याकडे बघत बसायचे. कागदावर जमेना. वर्तुळात जमेना. खोकला रोज थोडा खोल जात होता, आणि रोज वाटायचं, हा माझ्या बावीस मिनिटांमुळे वाढतोय. नसता रंगवला तो कोपरा, तर एव्हाना वरचं फोडून झालं असतं, भिंत वाळली असती, पोरगी बरी झाली असती. एखादी चांगली आई मन शांत करायला भिंतीकडे जाते का? चांगल्या आईचं मन मुळात शांतच असतं. मोबाइलमधल्या त्या बाईंसारखं. सोफ्यासकट.

आणि तळं पसरायला लागलं.

पहिल्यांदा लेकीने पाहिलं. सकाळी तिने नेहमीप्रमाणे बोट वर केलं, आणि "बदक" न म्हणता माझ्याकडे वळून म्हणाली, "गेलं." डाव्या टोकाचं बदक होतं तिथे रंगाला फोड आला होता, फुटला होता, आणि निळसर-तपकिरी ओघळ गवतावरून खाली आला होता. मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला बऱ्याच दिवसांनी तो गणवेश दिसला. त्याने कोरी वही काढली.

'बदक क्रमांक एक: बुडाले,' त्याने लिहिलं. खाली तारीख टाकली.

त्यानंतर रोज सकाळी नोंद व्हायची. 'बदक क्रमांक दोन: पोटापर्यंत पाणी.' 'बदक क्रमांक दोन: बुडाले.' 'बदक क्रमांक तीन: शेपटी गेली.' तो लिहायचा आणि मी पाठ फिरवून पांघरुणांच्या घड्या घालायचे, कारण क्रमांक तीनची शेपटी मला फार चांगली साधली होती. माझ्या हातची एकमेव जमलेली गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती, आणि ती बुडावी अशी प्रार्थनाही मला करावी लागत होती. फेरपाहणीच्या दिवशी सकाळची नोंद होती: 'बदक क्रमांक चार: फक्त मान दिसते.'

त्याच माणसांनी त्याच खोलीत परत गर्दी केली. नवऱ्याने वही पुढे केली. सेक्रेटरींनी ती पहिल्या पानापासून वाचली.

"मूळ बदकं सातच होती, याला आधार काय?"

"मी आहे ना," काकू म्हणाल्या. "सात मीच सांगितली होती. हिच्या मनाने सहा झाली असती."

"तोंडी साक्ष," काका म्हणाले. "शिवाय रंग आपोआपही उडतो. स्वस्तातला असेल. सिद्ध—"

लेक माझ्या कडेवरून खाली घसरली. एवढी माणसं आपली बदकं बघायला आली आहेत, अशी तिची समजूत झाली असावी. ती पलंगावर चढली, भिंतीपाशी उभी राहिली आणि सगळ्यांना दाखवू लागली. पहिल्या डागाकडे बोट: "गेलं." दुसऱ्याकडे: "गेलं." तिसऱ्याकडे: "गेलं." चौथ्याला तिने बोट दाखवलं नाही. स्वतःचीच मान ताणून वर केली, हनुवटी छताकडे, डोळे मोठे, बुडणारं माणूस करतं तशी. आणि तशीच असताना तिला खोकला आला.

तो लवकर थांबला नाही. मी तिला छातीशी घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिले. काकांच्या हातात टेप उघडी होती. त्यांनी बटण दाबलं, ती सर्रकन आत गेली.

"फोडा," ते म्हणाले.

"काका, आधी रीतसर माप घेऊन—" सेक्रेटरी म्हणाले.

"चाळीस वर्षं मापंच घेतली मी. फोडा म्हटलं ना."

तीन दिवसांनी वर प्लंबर आणि खाली गवंडी, असं काम एकदमच सुरू झालं. भिंतीतलं प्लास्टर कुजलं होतं, ते सगळं काढावं लागणार होतं. तळं, गवत, उरलेली बदकं, सगळं. मी जिंकले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला, मग पुसलेला ओटा परत पुसला.

दारावरची बेल वाजली. काका होते, घरातल्या चपला घालून. "वर बसवत नाही," ते म्हणाले. मी चहा टाकला. डोक्यावर हातोडा पडत होता, भिंतीपलीकडे छिन्नी पडत होती, आणि आम्ही दोघं मध्ये बसलो होतो. लेक त्यांच्या चपलेशी खेळत होती.

"त्या फरशीवर निळी फुलं आहेत," ते कपाकडे बघत म्हणाले. "आमच्या हिने निवडलेली. मी म्हणत होतो, न्हाणीघरात फुलं कशाला. चार दुकानं पालथी घातली हिने त्यासाठी." वर काहीतरी तडकल्याचा आवाज झाला. ते थांबले. "ती गेल्यापासून मी रोज अर्धा तास तिथे जाऊन बसतो. उगाच. स्टुलावर. नळ सोडून ठेवतो, पाण्याचा आवाज बरा वाटतो. डोकं गप्प बसतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही आपण काय बोलून गेलो ते बहुधा त्याच क्षणी कळलं, कारण त्यांचा कप बशीवर जरा जोरात टेकला. दीड वर्ष ते वर बसत होते आणि त्यांचा तो अर्धा तास, थेंबाथेंबाने, माझ्या छतातून खाली येत होता. मी त्याला काठ काढला होता, गवत काढलं होतं.

"मला वाईट वाटतंय काका," मी म्हणाले. "फरशीचं."

त्यांनी तोंड उघडलं. आता येणार तो शब्द, मला वाटलं. पण त्यांनी चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात गवंडी आतून आला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. त्याच्या तळहातावर प्लास्टरचा एक तुकडा होता, बिस्किटाएवढा, आणि त्यावर सातवं बदक. मागून पळत येणारं. "हे अख्खं निघालं," तो म्हणाला. "छोटीला द्या." लेकीने दोन्ही हातांची ओंजळ केली. काका खाली वाकून बघत राहिले, मग खिशातून एक निळा तुकडा काढला, बघितला, आणि परत खिशात ठेवला.

"जपून ठेवा ते," ते जाताना मला म्हणाले. "आणि ओलं करू नका."

संध्याकाळपर्यंत भिंत विटांपर्यंत उघडी झाली होती आणि सगळ्या घरावर, लेकीच्या भुवयांवरसुद्धा, धूळ बसली होती. मी दोन दिवस आंघोळ करायचा प्रयत्न करत होते. वरच्या कामामुळे नळ बंद होते. सकाळीच भरून ठेवलेली एक बादली होती, तेवढीच. पातेल्यापातेल्याने ती गॅसवर गरम केली, न्हाणीघरात ठेवली, टॉवेल आणायला वळले.

परत आले तर लेक बादलीवर वाकलेली. ओंजळ रिकामी.

तिचं काही चुकलं नव्हतं. बदक होतं; पाण्यातच सोडणार. क्षणभर ते तरंगल्यासारखं वाटलं, मग तळाला गेलं. बारीक बुडबुडे आले. निळा आणि हिरवा सुटून वर आला आणि हळूहळू सगळ्या पाण्यात पसरला. आम्ही दोघी वाकून बघत होतो.

"गेलं," ती म्हणाली.

"गेलं गं," मी म्हणाले.

ती न्हाणीघराच्या पायरीवर जाऊन बसली, दोन्ही गालांवर हात ठेवून. दुसरं पाणी नव्हतं. मी तांब्या बुडवला आणि डोक्यावर ओतला. अजून गरम होतं. वरचा हातोडा थांबला होता. फोन वाजत होता, तो कुणीतरी उचलला. मी हळूहळू, एकेक तांब्या, ओतत राहिले, आणि तळं संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.